मोडलेला गुडघा आणि वस्तादाची गादी

कुस्ती निकाली झाली की विजयी मल्लाला खांद्यावर घेऊन फडातून मिरविणारे हात शेकड्यांनी पुढे येतात. हलगी घुमते, फेटे उडतात, कुणी दहाची तर कुणी शंभराची नोट त्याच्या हातात कोंबतो. त्याच फडात गुडघा फिरून खाली बसलेल्या मल्लाला उचलून वाहनापर्यंत नेणारे हात मात्र चारच असतात, आणि तेही बहुधा त्याच्या घरचे. पंच पुढच्या जोडीचे नाव पुकारतात. लाल मातीवर पुन्हा फावडे फिरते आणि तो पोरगा फडाच्या आठवणीतून पुसला जातो. आमच्या देशात क्रीडाविषयक चर्चा पुष्कळ होते. पदके मोजली जातात, पुरस्कारांवरून वाद रंगतात, निवड समित्यांवर अग्रलेख लिहिले जातात. आम्हीही ते लिहिले आहेत. पण ज्याचा खेळ विसाव्या-बाविसाव्या वर्षीच संपला, त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न ना शासनाच्या टिपणीत दिसतो, ना वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर. आज तो प्रश्न आम्ही मांडीत आहोत आणि त्यासाठी भालकीचे उदाहरण समोर ठेवीत आहोत.

भालकी हे नाव आमच्या किनाऱ्यावरील वाचकाला ठाऊक आहे ते बहुतांशी सीमाप्रश्नाच्या घोषणेतून. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर आणि शेवटी भालकी. घोषणेच्या यमकात हे गाव चपखल बसले खरे, पण घोषणेबाहेर तेथे माणसे राहतात याचा आम्हां सर्वांनाच थोडा विसर पडला. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, पुढे हैदराबाद राज्यात आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात असलेला हा बिदर जिल्ह्यातील तालुका. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दख्खनी, असा तेथला त्रिवेणी व्यवहार. विकाराबादहून बिदर, भालकी, उदगीर करीत परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे स्थानक. राज्याची राजधानी बंगळूर येथून सातशे किलोमीटरांच्या आसपास दूर. हैदराबाद त्याच्या पाव अंतरावर. आणि लातूर तर शेजारच्या अंगणातच. अशा ठिकाणच्या मुलाला खेळाची जी हौस असते ती कोणत्याही एका राज्याच्या हद्दीत मावत नाही. कुस्ती हा तर तेथे तिन्ही भाषांत कळणारा विषय आहे. मराठी माणूस जिला तालीम म्हणतो तिला कन्नड माणूस ‘गरडी मने’ म्हणतो. आणि ‘वस्ताद’ हा आमचा जिव्हाळ्याचा शब्द मुळात फारसीतील ‘उस्ताद’. त्यावर भाषिक हक्क सांगणारी समिती अद्याप कोणी स्थापन केलेली नाही, ही समाधानाची गोष्ट होय.

दुखापतीने खेळ संपलेला आणि तरीही खेळातून न गेलेला माणूस कसा असतो, हे समजून घ्यायचे तर क्षणभर फार दूर जावे लागेल. जेथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बर्फ पाहायचा तर गोळेवाल्याच्या गाडीवर, त्या मुलखाच्या वाचकाला आम्ही बर्फावरच्या हॉकीची कथा सांगणार आहोत, याबद्दल कोणी हसले तरी हरकत नाही. या खेळात गोलरक्षकासह सहा-सहा खेळाडू पायांत पोलादी पात्याचे बूट बांधून बर्फावरून सुसाट धावतात. चेंडूच्या जागी असते तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची कठीण रबराची चकती. काठीचा फटका बसला की ती ताशी दीडशे किलोमीटरांहूनही अधिक वेगाने सुटते. अंगाला अंग भिडविणे नियमात बसते. काठीने डोके फोडणे बसत नाही. पण गेल्या शतकाच्या मध्यास शिरस्त्राण घालणे हे भित्रेपणाचे लक्षण मानले जाई. उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉकी लीगने नव्या खेळाडूंना शिरस्त्राण सक्तीचे केले ते १९७९ मध्ये, आणि जुन्यांना दिलेल्या सवलतीमुळे बोडक्या डोक्याने खेळणारा शेवटचा खेळाडू निवृत्त झाला तो थेट १९९७ साली. आपल्याकडील दुचाकीस्वारांनी एवढ्यावरून स्वतःचे समर्थन करू नये.

कॅनडातील माँट्रियल शहराच्या व्हर्डन भागात १९३३ साली जन्मलेला स्कॉटी बोमन हा अशाच बोडक्या डोक्याच्या पिढीतला मुलगा. माँट्रियल कॅनेडियन्स या विख्यात संघाच्या कुमार तुकडीतून तो खेळत असे. अठराव्या वर्षी व्यावसायिक खेळाचे दार त्याच्यासाठी जवळजवळ उघडलेले होते. मार्च १९५२ मधील एका सामन्यात तो चकती घेऊन गोलाकडे झेपावत असता प्रतिस्पर्धी संघाच्या जाँ-गी ताल्बो या खेळाडूची काठी त्याच्या डोक्यावर बसली आणि कवटी फुटली. त्याच्या डोक्यात धातूची पट्टी बसविल्याची कथा पुढे अर्धे शतक सांगितली गेली. ती खरी नाही, असे खुद्द बोमन यांनीच नंतर स्पष्ट केले. पण दंतकथेला इन्काराची पर्वा नसते. खरे एवढेच की पूर्वीचा खेळ परत आला नाही. विशीच्या उंबरठ्यावर त्या मुलाच्या हातात काठीऐवजी शिटी आली. रंग तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरी करावी, संध्याकाळी मुलांचे संघ शिकवावेत आणि वेळ मिळेल तेव्हा मोठ्या संघाचा सराव पाहत बसावे, असा त्याचा क्रम सुरू झाला.

या पाहत बसण्यातच सारे रहस्य आहे असे आम्हांस वाटते. खेळणाऱ्याला खेळ दिसत नाही. त्याला चकती दिसते, समोरचा गडी दिसतो. बाकावर बसलेल्याला संपूर्ण मैदान दिसते. बोमन यांनी तब्बल पंधरा वर्षे पाहिले, शिकविले, खेळाडू हेरले. १९५८ साली कॅनडाचा कुमार गटातील मानाचा चषक जिंकणाऱ्या संघाचे ते साहाय्यक प्रशिक्षक होते. १९६७ साली राष्ट्रीय लीगमधील संघांची संख्या सहावरून बारा झाली, तेव्हा सेंट लुईस येथील नव्या संघाची सूत्रे हंगामाच्या मध्येच त्यांच्या हाती आली. वय अवघे चौतीस. संघात इतरांनी टाकून दिलेले, वय झालेले, गुडघे कुरकुरणारे जुने मोहरे. आणि या मोहऱ्यांत एक होता जाँ-गी ताल्बो. ज्याच्या काठीने बोमन यांचा खेळ संपविला, तोच आता त्यांच्या हाताखाली खेळू लागला, आणि दोघांनी मिळून तीन वर्षे संघ अंतिम फेरीत नेला. यावर बोमन यांनी गाजावाजा केल्याचे दिसत नाही. त्यांना बचावाला अनुभवी गडी हवा होता, तो मिळाला. आमच्याकडे दोन तालमींमधील भांडण तिसऱ्या पिढीपर्यंत पुरते, हे येथे सहज आठवले.

त्या तिन्ही अंतिम फेऱ्या सेंट लुईसने गमावल्या. १९७० सालच्या १० मे रोजी ज्या गोलाने त्यांचा शेवटचा पराभव झाला, तो बॉस्टनच्या बॉबी ऑर याने केलेला. गोल करून आडवा हवेत उडालेला ऑर, हे त्या खेळातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र होय. बचावफळीत खेळूनही लीगमधील सर्वाधिक गुणांचा मान त्याने दोनदा मिळविला, १९७० व १९७५ साली. पण त्या वेळीच त्याचा डावा गुडघा पोखरला जात होता. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने बूट खुंटीला टांगले. आजच्या शल्यविद्येत दुर्बिणीने गुडघ्यात डोकावून दोन छोट्या छिद्रांतून जे काम होते, त्यासाठी तेव्हा संपूर्ण सांधा उघडावा लागे. ऑर पंधरा-वीस वर्षे उशिरा जन्मता, तर कदाचित आणखी दहा वर्षे खेळता.

बोमन मात्र पुढे चालतच राहिले. माँट्रियलच्या मोठ्या संघाला त्यांनी १९७३ मध्ये आणि पुन्हा १९७६ ते १९७९ असा सलग चार वर्षे स्टॅन्ली चषक जिंकून दिला. १९९२ मध्ये पिट्सबर्गला, १९९७, १९९८ आणि २००२ मध्ये डेट्रॉइटला. एकूण नऊ चषक. प्रशिक्षक म्हणून एवढे चषक त्या लीगच्या इतिहासात दुसऱ्या कोणाच्या नावावर नाहीत. ज्या लीगमध्ये खेळाडू म्हणून एक मिनिटही बर्फावर उतरण्याचा योग आला नाही, त्याच लीगमध्ये नियमित हंगामातील १२४४ विजय त्यांच्या नावे जमा झाले.

आता बर्फावरून खाली उतरून आपल्या मुलखात येऊ. भालकीच्या जवळचे, आणि जुन्या हैदराबाद राज्याच्या नात्याने भाऊबंदकीतले म्हणावे असे उदाहरण हैदराबादला आहे. पुल्लेला गोपीचंद हे नाव आज सर्वतोमुखी आहे ते सायना नेहवाल व पी. व्ही. सिंधू यांचे गुरू म्हणून. पण १९९४ साली, विशीच्या आतबाहेर असताना, दुहेरीच्या एका सामन्यात जोडीदाराशी टक्कर होऊन त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. त्या वेळच्या भारतात याचा सरळ अर्थ कारकीर्द संपली असा होत असे. गोपीचंद यांनी शस्त्रक्रिया करून घेतली, पुन्हा उभे राहिले, १९९६ पासून सलग पाच वर्षे राष्ट्रीय विजेते ठरले. आणि मार्च २००१ मध्ये चीनच्या चेन हाँग याचा १५-१२, १५-६ असा पराभव करून ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. प्रकाश पदुकोण यांच्या १९८० मधील विजयानंतर हा मान मिळविणारे ते दुसरेच भारतीय. पण दुरुस्त केलेल्या शरीराची मुदत ठरलेली असते. त्यानंतर दुखापतींनी पुन्हा गाठले आणि त्या उंचीवर ते परत पोहोचले नाहीत.

येथपर्यंतची कथा आपल्याकडे अनेकांची असते. वेगळेपण पुढे आहे. आंध्र शासनाने २००३ मध्ये गच्चीबावली येथे जमीन दिली, पण इमारतीला पैसा नव्हता. गोपीचंद यांच्या कुटुंबाने राहते घर गहाण टाकले. निम्मगड्ड प्रसाद या उद्योगपतींनी पाच कोटी रुपये दिले. आणि २००८ मध्ये अकादमी उभी राहिली. शीतपेयांच्या जाहिराती नाकारणाऱ्या या माणसाजवळ घराखेरीज गहाण टाकण्याजोगे दुसरे काही नव्हते, हे आमच्या क्रिकेटपटूंनी फुरसतीच्या वेळी ध्यानात घ्यावे. चारच वर्षांत लंडनला सायनाचे कांस्यपदक आले. २०१६ मध्ये रिओला सिंधूचे रौप्य. २०१९ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिंधू जगज्जेती झाली, तेव्हा त्याच नगरीत, त्याच आठवड्यात, मुंबईत वाढलेली मानसी जोशी ही मुलगी अपंगांच्या बॅडमिंटनमध्ये जगज्जेती ठरली. २०११ साली रस्त्यावरील अपघातात तिचा डावा पाय गेला होता. ती गोपीचंद यांच्याच अकादमीत सराव करीत असे. मोडलेल्या गुडघ्याच्या माणसाने पाय गमावलेल्या मुलीला शिकविताना काय सांगितले असेल याची कल्पना आम्ही करणार नाही. पण पायावर पाय ठेवून व्याख्यान देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ते निश्चितच निराळे असणार.

हा गुडघा म्हणजे काय प्रकरण आहे, हे दोन शब्दांत सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. कारण बहुतेक कारकिर्दी तेथेच संपतात. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकतात, पण त्यांची खोबणी नितंबाच्या सांध्यासारखी खोल नसते. त्यांना जागेवर ठेवतात ते अस्थिबंध. त्यांपैकी दोन सांध्याच्या गाभ्यात फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. पुढचा बंध नडगीला पुढे घसरू देत नाही आणि सांधा पिळवटू देत नाही. पाय जमिनीत रुतलेला आणि वरचे शरीर एकाएकी वळले, की हाच तुटतो. एकेरी पट काढताना, कलाजंग मारताना, किंवा आमच्या गोव्यात फुटबॉलपटू धावता धावता दिशा बदलतो तेव्हा, नेमके हेच घडते. तुटलेला हा बंध बहुधा आपोआप सांधत नाही. फसवणूक अशी की सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, माणूस चालू लागतो, सायकल मारतो आणि समजतो की बरे झाले. पुन्हा आखाड्यात उतरला की गुडघा दगा देतो आणि प्रत्येक दग्यागणिक आतली कुर्चेची गादी फाटत जाते. बंध नव्याने बसवायचा तर रुग्णाच्याच शरीरातील स्नायुबंधाचा तुकडा काढून तेथे रोवावा लागतो. आणि त्यापुढे नऊ महिने, कधी वर्षभर, नेमाने व्यायाम करावा लागतो. शस्त्रक्रियेचा खर्च कोणीतरी काढून देतो. वर्षभराचा खुराक, प्रवास आणि व्यायाम शिकविणारा जाणकार यांचा खर्च कोणी देत नाही. आणि अर्धवट सुटलेला व्यायाम हा न केलेल्या शस्त्रक्रियेइतकाच निरुपयोगी ठरतो.

भालकीच्या पोराचे येथेच बिनसते. आमच्या तालमींत वस्ताद हाच वैद्य असतो. निखळलेला खांदा बसविणे, लचकलेल्या मानेला शेक देणे, फुगलेल्या कानातील रक्त उतरविणे, यांत जुन्या वस्तादांचा हातखंडा होता, आणि त्या विद्येची थट्टा करण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. पण तुटलेला अस्थिबंध तेलमालिशीने जुळत नाही, आणि सुजलेला गुडघा रगडल्याने आतील नुकसान वाढते. हे सांगणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी हवा. बिदरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही जमेची बाजू. परंतु क्रीडावैद्यक हा स्वतंत्र विषय म्हणून ज्या शहरांत हाताळला जातो ती हैदराबाद, पुणे आणि बंगळूर. पैकी बंगळूर आपल्या राज्यातले पण रात्रभराच्या प्रवासाचे. हैदराबाद जवळचे पण परराज्यातले. पुणे भाषेने आपले पण तेथेही हा मुलगा परराज्याचाच. सीमाभागातील माणसाला एरवीही हा अनुभव नवा नाही. फक्त एरवी तो दाखल्यासाठी येतो, येथे गुडघ्यासाठी.

आता दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. खेळ संपला, पुढे काय? येथे आम्हांस आमच्याच परंपरेतील एका मोठ्या माणसाचे स्मरण करणे भाग आहे. भालकीच्या हद्दीपलीकडे लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुका लागतो. त्यातील रामलिंग मुदगड या गावचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले, आणि १९७७ मध्ये बेळगावच्या फडात त्यांनी सतपाल यांच्यावर मिळविलेला विजय आजही वृद्ध शौकीन डोळे मिटून सांगतात. परंतु आम्ही त्यांचे नाव येथे घेतो ते या विजयांसाठी नव्हे, किंवा दुखापतीसाठीही नव्हे. बिराजदार नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मार्गदर्शक झाले आणि लातूर, उस्मानाबाद, बीड या कोरडवाहू मुलखातील पोरांना पुण्यात एक हक्काचे दार मिळाले. काका पवार हे अर्जुन पुरस्काराचे मानकरी त्यांचेच शिष्य. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हाही त्यांच्याच हाताखाली घडला. २०११ मध्ये बिराजदार गेले, तेव्हा राहुलची मोठी पदके अजून यायची होती. त्याला पुढे काका पवारांनी सांभाळले. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे त्याने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकले, तेव्हा ते पदक त्याने दिवंगत गुरूला वाहिले. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले. वस्ताद, वस्तादाचा शिष्य आणि त्या शिष्याने सांभाळलेला गुरुबंधू, अशी ही साखळी. ती कोणत्याही शासकीय योजनेत लिहिलेली नव्हती.

ही साखळी जेथे आहे तेथे मोडलेल्या मल्लाला जागा असते. तालमीत झाडलोट करणारा, धाकट्यांच्या जोड्या लावणारा, पहाटे चारला उठवून जोर-बैठका मोजणारा असा एक लंगडा ज्येष्ठ आमच्या बहुतेक जुन्या तालमींत असे. त्याला पगार नव्हता. पण मान होता, दोन वेळची भाकरी होती आणि संध्याकाळी कोणी विचारी, ‘दादा, ढाक लावताना माझा हात कुठे चुकतो?’ त्या एका प्रश्नावर माणूस जगू शकतो. साखळी जेथे तुटली तेथे हाच माणूस बसस्थानकाबाहेर पानाच्या ठेल्याशी उभा राहून स्वतःच्या जुन्या कुस्त्या सांगू लागतो, आणि ऐकणारे हळूहळू कमी होतात. पुढील वाटचाल आम्ही लिहीत नाही. प्रत्येक तालुक्याला ती माहीत आहे.

तथापि दुखापतीने आपोआप शहाणपण येते असा भाबडा सिद्धांत आम्हांस मांडावयाचा नाही. उलट प्रकारही पुष्कळ आढळतो. आपले अपुरे राहिलेले स्वप्न शिष्याच्या शरीरातून पुरे करू पाहणारा मार्गदर्शक हा शिष्याचा सर्वांत मोठा वैरी. सोळा वर्षांच्या पोराला दुखऱ्या पायाने फडात उतरविणारा, ‘आमच्या वेळी आम्ही असेच लढलो’ म्हणून फुशारणारा, आणि आपण तसे लढल्यामुळेच आज लंगडतो हे सोयीस्करपणे विसरणारा वस्ताद आम्ही पाहिला आहे. वाचकांनीही पाहिला असेल. उत्तम खेळाडू उत्तम शिक्षक होतोच असेही नाही. ऑरसारखा अलौकिक खेळाडू पुढे खेळाडूंचे करारमदार पाहणारा प्रतिनिधी झाला, प्रशिक्षक म्हणून गाजला नाही. ज्याला सारे उपजत येते त्याला ते दुसऱ्याला कसे द्यावे हे अनेकदा उमगत नाही. ज्याला एकेक पाऊल पुन्हा शिकावे लागले, त्याला पावलांची नावे माहीत असतात. पण ती सांगण्याचीही एक विद्या आहे आणि ती शिकवावी लागते.

ती शिकविण्याची सोय देशात नाही असे नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली; तिची वर्षभराची पदविका ही प्रशिक्षकाच्या नोकरीची किल्ली मानली जाते. बंगळूरलाही क्रीडा प्राधिकरणाचे मोठे केंद्र आहे. पण या किल्लीसाठी सामान्यतः पदवी लागते, आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांतील सहभागही लागतो. दहावीलाच तालमीत गेलेल्या आणि राज्यस्पर्धेच्या आधीच गुडघा गमावलेल्या भालकीच्या मल्लाजवळ दोहोंपैकी एकही नसते. खेळाडूंच्या कल्याणासाठी केंद्र सरकारने १९८२ मध्ये निधी स्थापन केला. चांगली गोष्ट आहे. परंतु तो नामवंतांसाठी. कर्नाटक सरकार माजी कुस्तीगिरांना मानधन देते, तेही उतारवयातल्यांसाठी. बावीस वर्षांच्या, अनाम, पण तालुक्याला उपयोगी पडू शकणाऱ्या माणसासाठी या सर्व व्यवस्थेत एकही रकाना नाही. नामांकित होण्यापूर्वी मोडू नये, अशी व्यवस्थेची अपेक्षा दिसते.

वास्तविक बिदर जिल्ह्याला या बाबतीत काही करणे इतरांपेक्षा सोपे आहे. राज्यघटनेत ३७१ (जे) हे कलम घालून, जुन्या हैदराबाद-कर्नाटक विभागाला शिक्षण व नोकऱ्यांत राखीव जागा आणि विकासासाठी स्वतंत्र मंडळ देण्यात आले. २०१९ पासून विभागाचे नाव कल्याण-कर्नाटक झाले. मंडळ कायम आहे. मंडळाचा पैसा रस्ते, शाळांच्या खोल्या आणि इमारती यांवर खर्च होतो, आणि त्या गोष्टी हव्यातच. पण क्रीडासंकुलाची कोनशिला बसविणे आणि त्या संकुलात पहाटे कोणीतरी हजर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या किनाऱ्यावर मोठ्या स्पर्धांसाठी उभारलेल्या वास्तूंकडे पाहून हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. एका संकुलाच्या छपराच्या खर्चात तालुक्यातील दहा माजी मल्लांना प्रत्येकी कित्येक वर्षे मानधन देऊन तालमींत नेमता येईल. त्यांना पदवीची अट घालू नये. सहा आठवड्यांचे प्रशिक्षण द्यावे. ते कन्नड व मराठी दोन्ही भाषांत द्यावे, कारण धोबीपछाड कोणत्या भाषेत शिकविला यावरून त्याचा परिणाम बदलत नाही. त्या सहा आठवड्यांत डावपेचांपेक्षा अधिक वेळ शरीराच्या ज्ञानाला द्यावा: कोणती सूज थांबायला सांगते, वजन उतरविण्यासाठी पोराला उपाशी ठेवल्याने काय होते, मातीवरून गादीवर जाताना पायाची ठेवण का बदलते. आणि बिदरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील अस्थिरोगतज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस भालकीला, एक दिवस औरादला आणि एक दिवस बसवकल्याणला तालमीत येऊन बसावे. रुग्णालयात नव्हे, तालमीत. रुग्णालयात मल्ल जात नाही. गेला तर आपण संपलो असे त्याला वाटते.

सरकारकडे बोट दाखविताना गावकीला मोकळे सोडणेही बरे नव्हे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत या मुलखात जत्रांचा हंगाम असतो. देवस्थानचे पंच कुस्त्यांसाठी वर्गणी गोळा करतात आणि शेवटच्या कुस्तीचे इनाम शेजारच्या गावाहून मोठे असावे, यासाठी चढाओढ लागते. बाहेरून आणलेले नामवंत जोड अर्धा तास एकमेकांचे मनगट धरून फिरतात, कुस्ती बरोबरीत सुटते आणि इनामाची रक्कम वाटून घेऊन गाडी परत जाते. प्रेक्षक शिव्या देतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी देतात. पोटतिडिकीने लढतात ती गावचीच पोरे, नारळावर आणि पन्नास-शंभर रुपयांवर. आणि गुडघा मोडतो तोही त्यांचाच. जमलेल्या वर्गणीचा दहावा हिस्सा फडात जायबंदी होणाऱ्यांसाठी वेगळा काढून ठेवावा, फडाच्या कडेला एक डॉक्टर आणि एक गाडी उभी असावी, आणि ज्या पंचांना हे जमत नाही त्यांना तहसीलदाराने फडाचा परवाना देऊ नये, असे आम्ही सुचवितो. गावातल्या जुन्या, लंगड्या मल्लाला त्या दिवशी पंच म्हणून आत बोलवावे आणि फेटा बांधावा. फेट्याला फारसा खर्च येत नाही.

कल्याण-कर्नाटक मंडळाच्या वार्षिक आराखड्यात क्रीडेच्या शीर्षाखाली आजवर जे मांडले गेले ते बहुतेक सिमेंटचे होते. पुढच्या आराखड्यात माणसांसाठी एक ओळ घालण्याची मागणी भालकी, औराद, हुमनाबाद आणि बसवकल्याण येथील आमदारांनी पक्षभेद आणि भाषाभेद बाजूला ठेवून एकत्र केली, तर ती नाकारणे बंगळूरला जड जाईल. तोवर लातूरच्या तालमींनी हद्दीपलीकडच्या या पोरांसाठी आपली दारे उघडी ठेवावीत. बिराजदारांच्या तालुक्याला ते परके नाहीत.